वाचकांचे प्रश्न : इंग्रज जमीनदार घराणी आणि त्यांची गावे

महाबळेश्वरच्या पॉइंटांना इंग्रज अधिकाऱ्यांची नावे कशी पडली, याविषयीचा लेख या मासिकात प्रसिद्ध झाल्यानंतर सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. हे अधिकारी ज्या जमीनदार घराण्यांतून आले, त्या घराण्यांचा आणि त्यांच्या जमीनजुमल्याचा शोध इथे बसून कसा घ्यावा, अशी बहुतेकांची विचारणा आहे. त्यांतील निवडक प्रश्न उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आर्थर सीटवर आलेल्या पर्यटकांना आम्ही आर्थर मॅलेट साहेबाची आणि सावित्रीच्या पाण्यात बुडालेल्या त्याच्या बायकामुलांची गोष्ट सांगतो. हा मॅलेट इंग्लंडातील कोणत्या घराण्यातला? त्या घराण्याचे मूळ गाव शोधायचे तर सुरुवात कोठून करावी?
— एक पर्यटक मार्गदर्शक, महाबळेश्वर

उत्तर : आर्थर मॅलेट (१८०६–१८८८) हे मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी होते. त्यांचे वडील सर चार्ल्स वॉर मॅलेट हे पेशव्यांच्या दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट. टिपूविरुद्ध १७९० मध्ये पुण्यात जो तह झाला, तो त्यांनी घडवून आणला आणि १७९१ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. माथेरानचा डोंगर १८५० मध्ये प्रकाशात आणणारे ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे आर्थर यांचे धाकटे बंधू. एका बापाच्या दोन मुलांची नावे सह्याद्रीतील दोन थंड हवेच्या ठिकाणांशी जोडली गेली, ही गोष्ट आपल्या पर्यटकांना अवश्य सांगावी.

मूळ गावाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. किताबधाऱ्यांच्या सूचीत हे घराणे ‘विलबरीचे मॅलेट’ म्हणून आढळते. विलबरी ही विल्टशर परगण्यातील न्यूटन टोनी गावची प्रसिद्ध वास्तू. ती १७१० च्या सुमारास विल्यम बेन्सन नावाच्या गृहस्थाने बांधली आणि हिंदुस्थानातून परतल्यावर सर चार्ल्स यांनी ती घेतली. त्यामुळे न्यूटन टोनीची त्याआधीची दप्तरे कितीही चाळली, तरी मॅलेट पूर्वजांचा पत्ता तिथे लागणार नाही. इंग्रज घराण्याच्या नावापुढे लागलेले गाव हे पुष्कळदा शेवटी विकत घेतलेले गाव असते, मूळ गाव नव्हे, हे ध्यानात न घेतल्यामुळे नवखे शोधक महिनोन्महिने चुकीच्या परगण्यात भटकत राहतात.

सर चार्ल्स यांचे वडील सॉमरसेट परगण्यातील कोम फ्लोरी येथे धर्मोपदेशक होते. म्हणून शोध विल्टशरकडून सॉमरसेटकडे वळवावा लागतो आणि तिथे एनमोर हे मॅलेटांचे जुने ठाणे सापडते. पण सर चार्ल्स यांच्या जन्माच्या बऱ्याच आधी एनमोर मॅलेटांच्या हातून गेले होते, कारण थोरल्या शाखेला वारस म्हणून एलिझाबेथ ही एकच मुलगी उरली होती. तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवून असलेल्यांपैकी रॉचेस्टरचा अर्ल जॉन विल्मट याने १६६५ मध्ये लंडनच्या रस्त्यावरून तिला चक्क पळवून नेण्याचा प्रयत्न केला. त्यापायी त्याला लंडनच्या टॉवर या किल्ल्यातील तुरुंगाची हवा खावी लागली, आणि तरीही पुढे तिचे लग्न त्याच्याशीच झाले. त्यांच्या धाकट्या मुलीचे पाळण्यातले नाव ‘मॅलेट’ असे ठेवण्यात आले. आईचे बुडू घातलेले आडनाव मुलीच्या नावात जपण्याची ही रीत शोधकाच्या फार उपयोगी पडते. एनमोर पुढे इतर घराण्यांकडे गेले आणि अठराव्या शतकाच्या मध्यास एग्मॉन्टच्या अर्लने तिथे किल्लेवजा वाडा उठवला.

याच्याही मागे जाण्याचा मोह आपल्याला होईल. हेस्टिंग्जच्या लढाईत (१०६६) इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यम राजाबरोबर विल्यम मॅलेट नावाचा सरदार होता, आणि १०८६ च्या डूम्सडे या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत त्याचा मुलगा रॉबर्ट सफोक परगण्यातील प्रचंड मुलखाचा धनी दिसतो. सॉमरसेटमधील शेप्टन मॅलेट व करी मॅलेट ही गावे तर आजही ते आडनाव मिरवतात. परंतु सफोकचे मॅलेट आणि सॉमरसेटचे मॅलेट एकाच रक्ताचे आहेत, हे केवळ आडनावाच्या साधर्म्यावरून सिद्ध होत नाही. मधल्या प्रत्येक पिढीला बापाकडून मुलाकडे जमीन गेल्याचा कागद दाखवावा लागतो. जमीनदार घराण्यांच्या संशोधनात नावाच्या मागे धावण्यापेक्षा जमिनीच्या मागे जावे, असे आमचे ठाम मत आहे. नावाचे दहा जण असतात. एका विशिष्ट शेतीचा त्या विशिष्ट वर्षीचा धनी सहसा एकच असतो.

छापील वंशावळींना याच कारणाने जपून हाताळावे. जॉन बर्क यांनी १८३३ ते १८३८ या काळात किताब नसलेल्या जमीनदार घराण्यांच्या वंशावळींचे चार खंड काढले व त्यांतूनच पुढे ‘लँडेड जेंट्री’ ही ग्रंथमाला वाढली. त्यातील माहिती बव्हंशी त्या त्या घराण्यानेच पुरवलेली असे, आणि नॉर्मन सरदारापर्यंत वंश नेऊन भिडवण्याची हौस कोणाला नसते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. होरेस राऊंड यांच्यासारख्या कठोर अभ्यासकांनी त्यातील कितीतरी दंतकथा कागदपत्रांनिशी उडवून लावल्या. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील पिढ्यांसाठी हे ग्रंथ बरेच भरवशाचे आहेत. मध्ययुगातील पिढ्यांसाठी त्यांना केवळ तोंडी जबाबाचा मान द्यावा. आर्थर मॅलेट यांनी स्वतः १८८५ मध्ये आपल्या घराण्याविषयीच्या टिपणांचे पुस्तक छापून काढले. तेही याच कसोटीने वाचावे.

आपण सुरुवात करावी ती आर्थर यांच्या नोकरीच्या कागदांपासून. कंपनीच्या मुलकी नोकरीसाठी जो अर्ज करावा लागे, त्याला उमेदवाराच्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असे. हे अर्ज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘जे/१’ या खुणेखाली आहेत. त्या एका दाखल्यावरून जन्मगावचे चर्च कळते, आणि चर्च कळले की इंग्लंडचे दार उघडते, कारण तेथील चर्चच्या नोंदवह्या १५३८ च्या हुकुमापासून सुरू होतात. सावित्रीत बुडाल्याच्या गोष्टीची शहानिशाही याच दप्तरात करता येईल. मुंबई इलाख्यातील युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नकला दरवर्षी लंडनला रवाना होत आणि त्या ‘एन/३’ या खुणेखाली जपलेल्या आहेत. त्यांत नाव, तारीख आणि दफनाचे ठिकाण पाहावे, आणि मगच गोष्ट सांगावी.

प्रश्न : जुन्या इंग्रजी दाखल्यांवर कधी कधी ‘१६६६/६७’ असे जोडवर्ष दिसते. लेखनिकाला वर्षाची खात्री नव्हती, असे समजावे काय?
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांचे वर्ष त्या काळच्या हिशेबाने एक असे आणि आपल्या हिशेबाने पुढचे. वर उल्लेखिलेल्या एलिझाबेथ मॅलेटचा विवाह आपण जानेवारी १६६७ मधला म्हणतो, तो तत्कालीन नोंदीत १६६६ चा ठरतो. हे विसरल्यास आईबापांच्या लग्नाआधीच मूल जन्मल्याचे दिसते आणि घराण्यावर नाहक बालंट येते. सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांगातून अकरा दिवस गाळण्यात आले, तेही तारखा जुळवताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ हा किताब विकत देऊ करणारी जाहिरात माझ्या पाहण्यात आली. मॅनर म्हणजे जमीनदाराचा वाडा अशी माझी समजूत होती. मग वाडा न देता किताब कसा विकला जातो? आणि जुन्या मॅनरांच्या कागदपत्रांना वंशशोधात काही किंमत आहे का?
— एक वकील, सांगली

उत्तर : आपला व्यवसाय पाहता हे उत्तर थोडे विस्ताराने देतो. मॅनर ही मुळात अधिकाराची कक्षा आहे. तिच्या धन्याची खासगी जमीन, कुळांच्या ताब्यातील जमीन, गायरान आणि या सर्वांवर चालणारे मॅनरचे न्यायालय मिळून ती बनते. धन्याचा वाडा तीत असेलच असे नाही. एका गावात दोन-तीन मॅनर असत आणि एकाच मॅनरची शेते चार गावांत विखुरलेली असत. म्हणून गावाच्या नावाने शोध घेताना त्या गावात मॅनर किती होते, हे प्रथम पाहावे लागते.

वंशशोधाच्या दृष्टीने खरा ठेवा म्हणजे मॅनरच्या न्यायालयाची गुंडाळी-दप्तरे. आपण तलाठ्याकडील फेरफार नोंदवहीत वारसाची नोंद जशी वाचता, तशीच ही नोंद वाचता येते. कूळ मयत झाल्याचे पुढच्या बैठकीत गावकऱ्यांची पंचमंडळी जाहीर करी. मयताकडील उत्तम जनावर धन्याचा हक्क म्हणून घेतले जाई किंवा त्याची किंमत लावली जाई. मग वारस हजर होऊन आपले मयताशी असलेले नाते सांगे, अज्ञान असल्यास त्याचे वय व पालकाचे नाव लिहिले जाई, प्रवेशाचा नजराणा ठरे, आणि कारभाऱ्याच्या हातातील काठीचे टोक वारसाच्या हाती देऊन जमीन त्याला बहाल होई. या नोंदीची जी नक्कल वारसाला मिळे, तोच त्याचा मालकीचा पुरावा. म्हणूनच या धारणापद्धतीस कॉपीहोल्ड हे नाव पडले. एका अशा नोंदीत दोन, कधी तीन पिढ्या एकमेकींना बांधलेल्या सापडतात, आणि त्याही चर्चच्या नोंदवह्या सुरू होण्याच्या पुष्कळ आधीच्या काळातल्या. अडचण इतकीच, की १७३३ पर्यंत ही दप्तरे, मधला प्रजासत्ताकाचा अल्पकाळ वगळता, संक्षिप्त लॅटिनमध्ये लिहिलेली आहेत. मात्र मजकुराचा साचा ठरलेला असल्यामुळे चिकाटीच्या माणसाला तो उलगडतो, आणि मोडीची सवय असलेल्याला तर अक्षरांचे भय वाटण्याचे कारणच नाही.

कॉपीहोल्ड १९२२ च्या कायद्याने रद्द झाले. त्याची अंमलबजावणी १ जानेवारी १९२६ पासून झाली. कुळांचे हक्क संपले तरी त्यांच्या मालकीचा पुरावा या दप्तरांतच होता, म्हणून तो गहाळ होऊ नये यासाठी मॅनरच्या कागदपत्रांची देशव्यापी सूची ठेवण्यात आली. ती लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे असून कोणत्या मॅनरचे कोणते कागद कोणत्या दप्तरखान्यात आहेत, हे तीत पाहता येते. धन्यांची परंपरा पाहायची असल्यास १८९९ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ या परगणेवार इतिहासमालेत त्या गावाचे प्रकरण आले आहे का, ते पाहावे. मॅनर कोणाकडून कोणाकडे गेला याचा पिढीवार माग त्यात तळटीपांसह दिलेला असतो. सर्व परगणे अद्याप पुरे झालेले नाहीत, पण जिथे झाले आहेत तिथे आपले निम्मे काम झालेलेच आहे असे समजावे.

जाहिरातीबद्दल : मॅनरचे धनीपण जमिनीपासून वेगळे करून विकता येते, आणि तशी विक्री कायद्याला मान्य आहे. परंतु त्याने विकत घेणारा उमराव होत नाही, त्याला उमरावांच्या सभागृहात जागा मिळत नाही, आणि नावामागे ‘लॉर्ड’ लावण्याचा हक्कही मिळत नाही. खनिज, शिकार इत्यादी जुने हक्क ऑक्टोबर २०१३ पूर्वी जमीन नोंदणी कार्यालयात नोंदवून घेण्याची मुदत दिलेली होती, त्यामुळे आजच्या विक्रीत बहुधा नावाखेरीज हाती काही येत नाही. तरीही कोणा अशिलाला हौस असलीच, तर विकणाऱ्याकडे मालकीच्या दस्तांची अखंड साखळी मागावी. ती न देणाऱ्याशी व्यवहार करू नये.

प्रश्न : साताऱ्याचे ग्रँट साहेब पुढे ‘ग्रँट डफ’ कसे झाले? ते दत्तक गेले होते काय?
— इतिहासाची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : १८१८ नंतर साताऱ्याच्या कारभारावर नेमलेले जेम्स ग्रँट हे १७८९ मध्ये स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे जन्मले. त्यांच्या आईचे माहेर ईडन येथील डफ घराणे. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले, ईडनची जमीनदारी त्यांच्याकडे आली आणि तिच्याबरोबर त्यांनी डफ हे आडनाव जोडून घेतले. त्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या नव्या नावावर.

हे दत्तकविधान नव्हते. इंग्लंडात दत्तकाला कायद्याची मान्यता १९२६ मध्ये आणि स्कॉटलंडात त्याहून काही वर्षांनी मिळाली. तोवर निपुत्रिक जमीनदार आपल्या मृत्युपत्रात भाच्याला, नातवाला किंवा दूरच्या आप्ताला जमीन देताना ‘माझे आडनाव व माझे कुलचिन्ह धारण करावे’ अशी अट घाली. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांचे बंधू एडवर्ड हे श्रीमंत व निपुत्रिक नाइट दांपत्याच्या घरी वाढले, त्यांच्या केंट व हँपशर परगण्यांतील जमिनींचे धनी झाले आणि १८१२ मध्ये एडवर्ड नाइट झाले. आडनाव असे बदलले की वरकरणी वंश तुटल्यासारखा वाटतो. अशा वेळी जमीन तीच आहे ना, हे पाहावे. राजाज्ञेने केलेल्या नामांतराची सूचना बहुधा ‘लंडन गॅझेट’मध्ये छापलेली असते.

साताऱ्यात बसून हे वाचताना १८४८ साल आठवल्याशिवाय राहत नाही. शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी अंतकाळी घेतलेला दत्तक कंपनीने राज्यापुरता नाकारला आणि राज्य खालसा केले. खासगी मिळकतीचा वारसा वेगळा आणि राज्याचा वेगळा, असा कंपनीचा युक्तिवाद होता. स्वतःच्या घरी आडनाव बदलून वारस उभे करणाऱ्या वर्गाने तो करावा, याची गंमत तेव्हाच्या सातारकरांना वाटली नसेल.

आपल्यासाठी दोन सूचना. पहिली अशी, की ग्रँट डफ स्कॉटिश असल्याने वरील उत्तरात सांगितलेले मॅनर व कॉपीहोल्ड तिथे उपयोगाचे नाहीत. स्कॉटलंडमध्ये जमिनीच्या हस्तांतराची स्वतंत्र सरकारी नोंद १६१७ पासून आहे, आणि ती फार नीट ठेवलेली आहे. दुसरी सूचना नावांबद्दल. ग्रँट डफ यांच्या मुलाचे नाव मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. हेच पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. इथे एल्फिन्स्टन हे आजोळचे आडनाव नसून वडिलांच्या वरिष्ठांचे, मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव आहे. महाबळेश्वरच्या उत्तरात मॅलेट नावाच्या मुलीची खूण खरी ठरली. इथे तीच खूण फसवते. म्हणून मधल्या नावावरून नाते बांधण्याआधी बाप्तिस्म्याची नोंद आणि मृत्युपत्र या दोहोंपैकी एक तरी आधार हाती असावा.

प्रश्न : आमच्या घरी लिलावात घेतलेले जुने इंग्रजी चांदीचे चमचे आहेत. दांड्यावर पक्ष्याचे चिन्ह कोरलेले आहे. त्यावरून घराणे ओळखता येईल का?
— एक गृहिणी, मिरज

उत्तर : केवळ पक्ष्यावरून नाही. दांड्यावर कोरतात ते शिरस्त्राणावरचे चिन्ह, आणि एकच चिन्ह अनेक घराणी वापरत. चमचा उलटा करून मागचे बारीक ठसे भिंगाखाली पाहा. चालता सिंह असेल तर चांदी इंग्लंडात तपासलेली आहे, बिबट्याचे मुंडके लंडनचे, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि एकटे अक्षर तपासणीचे वर्ष सांगते. वर्ष कळल्यावर त्या काळी आपल्या भागात राहिलेल्या अधिकाऱ्यांपैकी हे चिन्ह कोणाचे, एवढाच प्रश्न उरतो. पूर्ण ढाल कोरलेली एखादी वस्तू मिळाली तर अधिक बरे, कारण ढालीच्या चौकटींत माहेरच्या वारसदार स्त्रियांची चिन्हे भरलेली असतात. आडनाव सांगताच ‘तुमच्या घराण्याचे चिन्ह’ छापून देणाऱ्या दुकानदारांवर विश्वास ठेवू नये. चिन्ह आडनावाला मिळत नसून व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते, आणि ते देण्याचा इंग्लंडातील अधिकार १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे.

प्रश्न : लंडनला जाणे शक्य नाही. वाईत बसून यातले किती काम होऊ शकेल?
— एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : पुष्कळ. आरंभ घराजवळ करावा. महाबळेश्वर आणि पाचगणी येथील जुन्या दफनभूमींतील शिलालेख ओळीओळीने, जसे आहेत तसे उतरवावेत व छायाचित्र सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावे. अक्षरे दुपारी दिसत नाहीत. शिलालेखावर ‘अमुक गृहस्थाचा तिसरा मुलगा, अमुक गावचा’ असे आढळले तर तो भाग सर्वांत मोलाचा, कारण जमीन थोरल्याकडे जाई आणि धाकटे फौजेत, धर्मखात्यात किंवा कंपनीच्या नोकरीत शिरत. इथे पुरलेले बहुतेक जण हे असे धाकटे आहेत. त्यानंतर हिंदुस्थानातील ब्रिटिश कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची मोफत सूची संगणकावर पाहावी.

इंग्लंडकडील शोधात तीन साधने घरबसल्या हाताशी आहेत. ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’ या संकेतस्थळावर वर सांगितलेल्या परगणेवार इतिहासाचे अनेक खंड वाचता येतात. क्यूच्या अभिलेखागाराच्या सूचीत मॅनरचे कागद आणि कँटरबरीच्या न्यायालयात १८५८ पर्यंत शाबीत झालेली मृत्युपत्रे शोधता येतात. जमीनदार वर्गाची मृत्युपत्रे बहुतांशी याच न्यायालयात गेलेली आहेत, आणि त्यांत जावयांची व भाच्यांची नावे, शेतांची नावे, कधी कधी कोणावर राग होता हेही निघते. तिसरे साधन १८७३ च्या जमीनधारकांच्या सरकारी यादीचे : एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन असलेल्या प्रत्येकाचे नाव, क्षेत्र व उत्पन्न परगण्यानुसार तीत छापलेले आहे. आपले घराणे त्या वर्षापर्यंत जमीन राखून होते की नाही, हे पाच मिनिटांत समजते.

पैसे खर्च करायचे ते शेवटी, आणि एखाद्या नेमक्या कागदाच्या नकलेसाठी. सॉमरसेटचे कागद टाँटन येथील आणि विल्टशरचे चिपनम येथील परगण्याच्या दप्तरखान्यात आहेत. तिथे पत्र लिहिताना घराण्याचा सगळा इतिहास मागू नये; मॅनरचे नाव, वर्षांची मर्यादा आणि सूचीतील क्रमांक एवढेच लिहावे.